परदेशी कंत्राटाचं लष्करी पिस्तूल: राजचिन्ह सगळ्यात शेवटी पाहा

विक्रेता पिस्तूल पुढे करतो. चेंबरवर (नळीच्या मागच्या, गोळी बसते त्या भागावर) इराणचं राजचिन्ह, म्हणजे तलवारधारी सिंह आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य, दिसतं आणि घेणाऱ्याचं मन तिथेच ठरून जातं. त्यानंतर तो जे काही तपासतो ते आधीच घेतलेल्या निर्णयाला आधार शोधण्यासाठी. परदेशी कंत्राटाच्या पिस्तुलांमध्ये फसगत होते ती बहुतेक वेळा ज्ञान कमी पडल्यामुळे नाही, तपासणीचा क्रम उलटा झाल्यामुळे. राजचिन्ह हा सगळ्यात आकर्षक पुरावा आणि बनावट करायला सगळ्यात सोपाही तोच. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. एखाद्या टप्प्यावर पिस्तूल अडकलं, तर उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आधी शब्द नीट ठरवून घेऊ. एका देशातल्या कारखान्याने दुसऱ्या देशाच्या लष्कर, नौदल किंवा पोलिसांच्या मागणीवरून बनवून पाठवलेलं पिस्तूल म्हणजे कंत्राटी पिस्तूल. परवाना घेऊन त्या देशाने स्वतः बनवलेलं, युद्धात हाती लागलेलं, शत्रूच्या ताब्यातल्या कारखान्यात बनलेलं आणि नंतर जुनं म्हणून विकत घेतलेलं पिस्तूल, हे चार प्रकार वेगळे आहेत. अर्जेंटिनासाठी अमेरिकेच्या कोल्ट कारखान्याने बनवलेलं मॉडेल १९२७ हे कंत्राटी, पण अर्जेंटिनातच बनलेलं ‘सिस्तेमा कोल्ट’ हे परवान्याचं उत्पादन. नॉर्वेचं कोंग्सबर्गला बनलेलं एम/१९१४ हेही तसंच. दोन्ही जमवण्यासारखी आहेत, पण एकाच्या किमतीत दुसरं घेऊ नये.

## टप्पा १: कायदा

हे काम पिस्तूल पाहण्याच्याही आधीचं. तुम्ही राहता त्या देशात हे शस्त्र बाळगायला कोणता परवाना लागतो, संग्राहकासाठी वेगळी सवलत आहे का, निकामी केलेलं पिस्तूल कायद्याने शस्त्र धरलं जातं का, आयातीला कोणाची मंजुरी लागते आणि विक्रेत्याच्या देशातून निर्यातीची परवानगी मिळते का, ही पाच उत्तरं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. ओळखीच्या संग्राहकाने सांगितलं, एवढ्यावर विसंबू नका. नियम बदलतात, आणि त्याचा परवाना तुमच्या उपयोगाचा नसतो.

इशारा: क्रमांक घासलेलं किंवा पुन्हा ठोकलेलं पिस्तूल कितीही दुर्मिळ म्हणून पुढे आलं तरी हात लावू नका. अनेक देशांत ते नुसतं जवळ असणं हाही गुन्हा ठरतो.

## टप्पा २: एकच कंत्राट निवडा आणि वही करा

‘मी परदेशी कंत्राटं जमवतो’ असं म्हणणारा माणूस पहिल्या वर्षी हमखास फसतो, कारण दहा देशांचे शिक्के कोणालाच एकदम पाठ होत नाहीत. एक मॉडेल आणि एक देश घ्या. उदाहरणार्थ, जर्मनीच्या माउझर कारखान्याने १९३० च्या दशकाच्या मध्यात इराणला पुरवलेली लुगर पिस्तुलं, किंवा कॅनडातल्या इंग्लिस कारखान्याने चीनसाठी बनवलेली हाय पॉवर पिस्तुलं.

वहीत सात गोष्टींचे रकाने आखा: कारखाना, माल गेला तो काळ, काडतूस, क्रमांकांचा पट्टा (कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत), प्रूफचे शिक्के (नळीची दाब-चाचणी झाल्याच्या खुणा), सुरक्षाखटक्यावरचे शब्द, मुलाम्याचा (धातूवरच्या रंगाच्या थराचा) प्रकार. हे सगळं भरल्याशिवाय कोणतंही पिस्तूल पाहायला जाऊ नका. प्रत्येक रकान्यापुढे माहिती कुठून मिळाली तेही लिहा. विक्रेत्याच्या जाहिरातीतून घेतलेली माहिती वहीत येता कामा नये. मागच्या विक्रेत्याची चूक पुढच्या दहा जाहिरातींत तशीच उतरते आणि मग तीच खरी वाटू लागते.

सोबत न्यायच्या वस्तू: दहापट मोठं दाखवणारं भिंग, अरुंद झोताची छोटी बॅटरी, मोजमापाचं व्हर्नियर कॅलिपर, सुती हातमोजे, पांढरा कागद आणि अस्सल नमुन्याचे स्पष्ट फोटो. स्क्रू-ड्रायव्हर नेऊ नका. दुसऱ्याच्या पिस्तुलाचा स्क्रू तुम्ही सोलवटलात तर व्यवहार तिथेच बिघडतो. खोलायचं असेल तर मालकाला खोलायला सांगा.

## टप्पा ३: रिकामं आहे याची खात्री

नळी सुरक्षित दिशेला. चापावर बोट नाही. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) किंवा लुगरचा वरचा दुमडणारा सांधा मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. क्रम हाच ठेवा. स्लाइड आधी ओढली तर ती पुढे जाताना मॅगझिनमधली गोळी आत घेऊन जाते, आणि नुसतं मॅगझिन काढलं तर चेंबरमधली गोळी आतच राहते. मालकाने आत्ताच तपासलं असेल तरी पुन्हा तपासा. शंभर वर्षांच्या पिस्तुलाचा सुरक्षाखटका चालतोच असं नाही.

## टप्पा ४: शिक्के झाकून पिस्तूल ओळखा

हा टप्पा लोक गाळतात. राजचिन्ह कागदाने झाकून स्वतःला विचारा: हे चिन्ह नसतं तर हे कोणतं पिस्तूल आहे? कारखाना, मॉडेलची आवृत्ती, नळीची लांबी, मागची दृष्टी (नेम धरायची मागची खूण), काडतूस, एवढं लिहून काढा. मग वहीशी ताडून पाहा.

काडतूस विशेष काळजीने बघा, कारण नळी बदलणं फार कठीण काम नाही आणि बनावट करणारे इथे आळस करतात. स्वीडनचं एम/१९०७ हे ९ मिमी ब्राउनिंग लाँगचं पिस्तूल आहे. फिनलंडची एम/२३ लुगर ७.६५ मिमी पॅराबेलमची. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने घेतलेलं कोल्ट .४५५ चं आहे, ते स्लाइडवर लिहिलेलं असतं आणि त्याच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ हे अक्षर येतं. .४५ आणि .४५५ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, एकाच काडतुसाची दोन नावं नव्हेत.

इंग्लिसच्या चिनी हाय पॉवरवर मागची दृष्टी सरकत्या पट्टीची असते आणि मुठीच्या मागे लाकडी दस्ता अडकवायची खाच असते. तुमच्यासमोरच्या पिस्तुलावर चिनी अक्षरं आहेत आणि खाच नाही, तर अक्षरं वाचायची घाई करू नका. खाच का नाही, हे आधी कळलं पाहिजे.

तपासा: झाकलेल्या चिन्हाशिवाय पिस्तूल वहीतल्या पहिल्या तीन रकान्यांत बसलं का? नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा ५: क्रमांक काय सांगतो आणि काय सांगत नाही

क्रमांक पट्ट्याबाहेर असेल तर दावा जवळजवळ मोडतो. पट्ट्यात असेल तर दावा सिद्ध होत नाही. हा फरक मनात पक्का बसला तर अर्धे महागडे अपघात टळतील.

रशियाच्या कोल्टचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात सुमारे ५१,००० पिस्तुलं रशियाला गेली आणि ती साधारण सी २१००० ते सी ८९००० या व्यापारी (नागरी विक्रीच्या) क्रमांकांच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत. पट्टा ६८,००० चा आणि पिस्तुलं ५१,०००, म्हणजे उरलेली त्याच पट्ट्यातली पिस्तुलं इतरत्र गेली. त्यामुळे पट्ट्यातलं साधं व्यापारी कोल्ट घेऊन त्यावर रशियन अक्षरं ठोकणं हा बनावटीचा सोपा मार्ग आहे.

उलट काही कंत्राटांना एकपासून सुरू होणारी स्वतःची मालिका दिलेली असते. माउझरच्या सी ९६ या पिस्तुलात तुर्कस्तानच्या १,००० पिस्तुलांची आणि इटालियन नौदलाच्या ५,००० पिस्तुलांची अशीच वेगळी मालिका आहे. म्हणून सी ९६ वर ६५० सारखा लहान क्रमांक दिसला, की एवढ्यावरून तुर्की किंवा इटालियन म्हणता येत नाही. बाकी अंग जुळायला हवं. इटालियन नौदलाच्या पिस्तुलाच्या फ्रेमच्या (सांगाड्याच्या) बाजू सपाट असतात, नेहमीसारखे खोलगट चौकोन नसतात. हे लोखंडाच्या घडणीतलं लक्षण आहे, ठोकून आणता येत नाही, म्हणून मला ते कुठल्याही शिक्क्यापेक्षा विश्वासाचं वाटतं.

अर्जेंटिनाचं कोल्ट मॉडेल १९२७ हे १ ते १०००० मध्ये बसतं. त्यापुढचा क्रमांक असेल तर तुम्ही बहुधा अर्जेंटिनात बनलेलं पिस्तूल पाहत आहात.

यानंतर सुट्या भागांचे क्रमांक. लुगरमध्ये लहान भागांवर शेवटचे दोन अंक असतात. प्रत्येक भागावरचा अंक वहीत उतरवा, ‘सगळे जुळतात’ हे विक्रेत्याचं वाक्य उतरवू नका. अंकांच्या ठशाची घडण भागाभागांत सारखी आहे का, तेही भिंगाखाली बघा. एकाच भागावरचा ७ वेगळ्या वळणाचा असेल, तर तो भाग नंतर आला आहे.

## टप्पा ६: प्रूफचे शिक्के काळ सांगतात

राजचिन्ह देश सांगतं, प्रूफचा शिक्का काळ सांगतो, आणि बनावट पिस्तूल बहुतेकदा काळाच्या हिशेबात पकडलं जातं.

जर्मन व्यापारी प्रूफमध्ये मुकुटाखाली ‘एन’ हे अक्षर होतं. १९३९ च्या कायद्यानंतर मुकुटाच्या जागी गरुड आला. १९३५-३६ चं म्हणून दाखवलेल्या पिस्तुलाच्या नळीवर गरुड आणि ‘एन’ असेल, तर निदान ती नळी तेव्हाची नाही.

बेल्जियमच्या एफएन कारखान्याने फिनलंडला २,४०० हाय पॉवर १९४० च्या सुरुवातीला दिली. मे १९४० मध्ये बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि त्यानंतरच्या मालावर जर्मन लष्करी तपासनिसांचे शिक्के येऊ लागले. तेव्हा ‘फिनिश कंत्राट’ आणि जर्मन लष्करी शिक्का एकाच पिस्तुलावर दिसले, की ते त्या २,४०० मधलं मानू नका.

नंतरच्या प्रवासाचे शिक्के वेगळे ओळखा. ‘नॉट इंग्लिश मेक’ हा शिक्का पाहून अनेक जण पिस्तूल ब्रिटिश कंत्राटाचं समजतात. त्याचा अर्थ एवढाच, की परदेशी बनावटीचं हे शस्त्र १९२५ नंतर कधीतरी ब्रिटनच्या प्रूफगृहातून गेलं. तसंच अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानंतर आयात झालेल्या शस्त्रांवर आयातदाराचं नाव कोरलेलं असतं. या नावामुळे किंमत उतरते, पण पिस्तूल कुठून कुठे गेलं याचा तो खरा धागाही असतो. ते घासून काढलेलं पिस्तूल घेऊ नका.

इशारा: चौकटीतलं ‘एसए’ हे फिनलंडच्या लष्कराच्या मालकीचं चिन्ह आहे, कंत्राटाचं नाही. जिंकून आणलेल्या सोव्हिएत पिस्तुलांवरही तेच ठोकलेलं सापडतं.

## टप्पा ७: भाषा आणि अंक वाचा

आता झाकलेला कागद काढा, पण चिन्हाआधी अक्षरांकडे जा. सुरक्षाखटका आणि काडतूस भरल्याची खूण यांवरचे शब्द मागणी करणाऱ्या देशाच्या भाषेत असतात. पोर्तुगीज लुगरवर ‘कार्रेगादा’, म्हणजे भरलेलं. डच लुगरवर ‘रुस्ट’ आणि सोबत वाकडा बाण, म्हणजे विसाव्यावर, सुरक्षित. बल्गेरियाच्या लुगरवर सिरिलिक लिपीत ‘आग’ या अर्थाचा शब्द. रोमानियासाठीच्या बेरेटा १९३४ वर इटालियन ‘कोर्तो’च्या जागी रोमानियन ‘स्कुर्त’. राजचिन्ह एका देशाचं आणि खटक्यावरचा शब्द दुसऱ्याच भाषेत, असं असेल तर एक तर भाग बदलले आहेत किंवा चिन्ह नंतरचं आहे.

अर्थाची एक गल्लत वारंवार होते. रशियाच्या कोल्टच्या फ्रेमवर सिरिलिकमध्ये ‘इंग्रजी मागणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत, कारण ती खरेदी ब्रिटनमार्फत झाली. ते वाचून पिस्तूल ब्रिटनचं म्हणून नोंदवू नका.

अंकांवर थोडं जास्त थांबतो, कारण देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला इथे खास धोका आहे. अरबी वळणाच्या अंकांत पाच हा लहान गोल असतो आणि शून्य हा नुसता ठिपका. आपली नजर गोलाला शून्य म्हणते. मी असा पहिला क्रमांक टिपला तेव्हा त्यातला प्रत्येक पाच शून्य म्हणून लिहिला आणि क्रमांक पट्ट्यात बसत नाही म्हणून चांगलं पिस्तूल परत ठेवलं. ती हळहळ अजून आहे. इराणी वळणात पाच हा उलट्या बदामासारखा दिसतो, आणि चार व सहा अरबीपेक्षा वेगळे असतात. सात वर उघडा कोन, आठ खाली उघडा कोन. पिस्तूल उलटं धरलं की सात आणि आठ एकमेकांची जागा घेतात, म्हणून वाचण्याआधी अंकांची वरची बाजू कोणती ते ठरवा. शून्याच्या ठिपक्याऐवजी गंजाचा खड्डा वाचला जातो, तेव्हा ठिपका भिंगाखाली बघा: ठोकलेल्या ठिपक्याची कड गोल आणि स्वच्छ असते, गंजाची खडबडीत. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी अंक डावीकडून उजवीकडेच वाचायचे.

वर्ष दिसलं तर पंचांग कोणतं ते ठरवा. १३१४ हे चांद्र हिजरी वर्ष असेल तर १८९६-९७ येतं, इराणी सौर वर्ष असेल तर १९३५-३६. एकाच आकड्यात जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर पडतं.

## टप्पा ८: आता राजचिन्ह

बॅटरी जवळजवळ आडवी धरा, म्हणजे प्रकाश धातूवरून घसरत जाईल. पाच गोष्टी याच क्रमाने बघा.

1. धातू कुठे गेला? ठशाने धातू बाजूला ढकलला जातो आणि कडेला किंचित उंचवटा राहतो. कोरणीने धातू काढला जातो, तिथे उंचवटा नसतो. लेझरचा तळ एकसारखा आणि बारीक रेघांचा दिसतो.
2. रेषेच्या तळाशी मुलामा आहे का? कारखान्यात ठोकलेल्या चिन्हावर नंतर ब्लूइंग (धातूला निळा-काळा रंग देणं) झालं, म्हणून तळाशीही ते हवं. घेणाऱ्या देशाने माल पोचल्यावर ठोकलेलं मालकीचं चिन्ह मात्र मुलामा फोडून आत गेलेलं असतं. दोन्ही अस्सल असू शकतात, पण तुमच्या कंत्राटात कोणतं अपेक्षित आहे ते वहीत असायला हवं.
3. झीज सलग आहे का? आजूबाजूचा पृष्ठभाग झिजून पांढरा आणि चिन्ह मात्र धारदार, असं असेल तर संशय घ्या. झीज चिन्हावरून तशीच पुढे गेली पाहिजे.
4. आजूबाजूचा भाग सखल आहे का? जुनं चिन्ह घासून नवं ठोकलं तर तिथला पृष्ठभाग दबतो. कॅलिपरने दोन ठिकाणी मोजा.
5. नमुन्याशी रेषान्‌रेषा जुळते का? फोटो शेजारी ठेवा. सिंहाचे पंजे, किरणांची संख्या, मुकुटावरचे मणी मोजा. एकूण छाप पाहून ‘सारखंच आहे’ म्हणू नका.

चिन्हाचा काळही ताडा. पोर्तुगालच्या लष्करी लुगरवर मुकुटाखाली राजा मानुएल दुसरा याचं ‘एम २’ आहे. तो १९०८ मध्ये गादीवर आला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही गेली. त्या काळाबाहेरच्या पिस्तुलावर हे चिन्ह असण्याचं कारण नाही.

## टप्पा ९: मुलामा, मूठ, मॅगझिन, म्यान

माउझरच्या लुगरमध्ये १९३७ पर्यंत मोठ्या भागांना गंज-पद्धतीचं ब्लूइंग आणि लहान भागांना गवती पिवळा रंग असे. नंतर सगळंच क्षारांच्या द्रावणातलं निळं-काळं झालं. इराणी लुगरचा चाप आणि खटका काळा असेल, तर पुन्हा मुलामा दिल्याची शक्यता धरा. पुन्हा मुलामा देण्याआधी घासकाम होतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खळगा पडतो.

मॅगझिन बदललेलं असणं फार सामान्य आहे, तेवढ्यासाठी पिस्तूल नाकारू नका, किंमत कमी करा. म्यान आणि लाकडी दस्ता यांची किंमत पिस्तुलापासून वेगळी धरा.

## टप्पा १०: कागद

कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या नोंदींतून क्रमांकावरून पत्र मिळू शकतं. पिस्तूल कधी आणि कुणाला रवाना झालं ते त्यात असतं. शक्य असेल तर पैसे देण्याआधी मागवा, आणि विक्रेत्याने स्वतःच पत्र दाखवलं तर ते मूळ संस्थेकडून पडताळून घ्या.

पत्र क्रमांकाबद्दल बोलतं, तुमच्या हातातल्या लोखंडाबद्दल नाही. फ्रेम पत्राशी जुळली तरी स्लाइड दुसरीकडची असू शकते. म्हणून कागद दहाव्या टप्प्यावर आहे, पहिल्या नाही. आजोबांनी युद्धातून आणलं, ही कहाणी नोंदवून ठेवा, पण तिचे पैसे देऊ नका.

## टप्पा ११: व्यवहार

पावतीवर मॉडेल, पूर्ण क्रमांक, ‘अमुक देशाचं मूळ कंत्राट’ हे शब्द आणि ठराविक दिवसांत परत करण्याची मुभा लिहून घ्या. शेवटच्या दोन गोष्टींना विक्रेता तयार नसेल, तर त्याने स्वतःच किंमत सांगितली असं समजा आणि साध्या व्यापारी पिस्तुलाएवढेच पैसे द्या. वाहतूक परवानाधारक विक्रेत्यामार्फतच, दोन्ही देशांची कागदपत्रं हातात आल्यावर. आगाऊ रक्कम आयात-मंजुरीच्या अटीवर बांधा. मंजुरी नाकारली गेली आणि पैसे अडकले, असं ही अट न लिहिल्यामुळेच होतं.

## टप्पा १२: घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी काहीही साफ करू नका. आधी आडव्या प्रकाशात प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा आणि वहीत क्रमांकासह लावा. मग हलक्या तेलाचा हात, मऊ कापडाने पुसणं आणि वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर. धातू चमकवायची पेस्ट, लोखंडी घासणी आणि नवं ब्लूइंग यांनी एका तासात जे जातं ते कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात धरून राहणारा ओलावा यांमुळे लोखंडाला गंज चढतो आणि पितळेवर हिरवा थर येतो. म्यान वेगळं, पिस्तूल वेगळं. तिजोरीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली पण स्थिर ठेवा, कारण फार कोरड्या हवेत लाकडी मूठ तडकते.

वहीची एक प्रत तिजोरीबाहेर, घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या. तिच्यात परवान्याचा क्रमांक आणि तुमच्या पश्चात शस्त्र कायदेशीरपणे कुणाकडे जमा करायचं तेही लिहा. दर सहा महिन्यांनी पिस्तूल बाहेर काढा, टप्पा ३ पुन्हा करा, मेणाचा थर पाहा आणि तारीख टिपून ठेवा.